मार्कांचा विषय

पहाटे साडेपाच

टाचण वही लिहायची ती याच वेळी. सहानंतर दूध, डबे, नळाला पाणी आलं असेल तर मोटार, यांतून डोकं वर निघत नाही. आज दहावीला ‘आमोद’ या पाठ्यपुस्तकातला पहिला पाठ, ‘आद्यकृषकः पृथुवैन्यः’. नववीच्या हिंदी-संस्कृत संयुक्तवाल्यांना घड्याळ आणि संख्या. आठवीला ‘देव’ चालवायचा. टाचणात ‘उद्दिष्टे’ असा रकाना असतो. त्यात ‘विद्यार्थ्यांमध्ये संस्कृत भाषेविषयी अभिरुची निर्माण करणे’ हे वाक्य हात आपोआप लिहितो. खरं उद्दिष्ट पोरांना, पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही पाठ आहे, फक्त ते वहीत लिहायची रीत नाही: शंभरातले पंचाण्णवच्या वर.

मला त्याची लाज वाटत नाही. मीही मार्कांसाठीच संस्कृत घेतलं होतं. वडलांचा हिशेब साधा होता. हिंदीत पोरगी ऐंशीच्या आसपास अडकते, संस्कृतात नव्वद कुठं जात नाहीत. त्या हिशेबावर माझी नोकरी उभी आहे आणि अजून चार दशकं गेली तरी चिखलीसारख्या गावात हा विषय त्याच हिशेबावर उभा राहील, असं मला वाटतं.

सकाळी सात

गल्लीतून पाठीवर दप्तर टाकून सायकली सुटतात. गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या सकाळच्याच असतात. संस्कृतची शिकवणी लावणारे थोडे. ज्यांनी लावली आहे ते शाळेत माझ्याआधी उत्तर देतात आणि बाकीच्यांचा विचार करण्याचा वेळ खातात. एवढंच त्यांच्याबद्दल.

पावणेअकरा

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे पुण्याकडचे दुसऱ्या पाठावर असतात तेव्हा आम्ही पुस्तकांना कव्हरं घालत असतो. दहावीचा संस्कृतचा तास पहिला लावू नका, हे मी दरवर्षी सांगते. अमडापूर आणि उंद्रीकडून येणाऱ्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासावर एसटीनं येतात, आणि एसटीचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला विचारून बनत नाही. यंदा ऐकलं गेलं. दहावी दुसऱ्या तासाला आहे.

अकरा दहा, आठवी

देवः देवौ देवाः. पन्नास-साठ गळ्यांतून एकदम निघालं की शेजारच्या वर्गातल्या इंग्रजीच्या मॅडम दार लावून घेतात. घोकंपट्टी म्हणून या प्रकाराला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा आठवीच्या वर्गात उभं राहून पाहावं. पोरांना हे आवडतं. अर्थ नंतर येतो, आधी ताल येतो, आणि मागच्या बाकावरचा जो पोरगा एरवी तोंड उघडत नाही तो षष्ठीच्या ‘देवानाम्’ला सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो.

युरोपातल्या शाळांत शतकानुशतकं हाच कोलाहल लॅटिनमध्ये चालत होता. इंग्लंडात श्रूजबरी शाळेच्या बेंजामिन केनेडी या मुख्याध्यापकाच्या नावानं ओळखलं जाणारं लॅटिन व्याकरण १८६६ साली निघालं, आणि पिढ्यान् पिढ्या पोरांनी त्यातली विभक्तीची कोष्टकं अशीच घोकली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या नावातली अक्षरं खोडून-जोडून लॅटिनच्या जागी ‘खाणं’ असं करून ठेवायची तिकडच्या पोरांची जुनी खोड होती. माझ्याकडच्या आठवीनं आपल्या पुस्तकाच्या कव्हरवर काय काय केलं आहे, ते इथे सांगत नाही.

बाराच्या आत, दहावी

पृथू वैन्याची गोष्ट मला या पुस्तकात सगळ्यांत आवडते, आणि चिखली तालुक्यात ती शिकवायला मिळणं हे भाग्य आहे. राजाला राज्याभिषेक होतो. स्तुतिपाठक स्तुती सुरू करतात, तर हा म्हणतो, थांबा, अजून मी काही केलेलं नाही. मग राज्यात फिरतो आणि पाहतो तर प्रजा उपाशी, हडकलेली. पृथ्वीनं धान्य पोटात दडवलं आहे. राजा धनुष्य उचलतो. पृथ्वी समोर येऊन सांगते की धनुष्य ठेव, कुदळ, नांगर, विळा हातात घे, प्रजेबरोबर शेती कर. तो करतो. पावसाचं पाणी अडवतो, साठवतो, बियाणं निवडतो.

“म्हणजे राजानं फ्लेक्स लावू नाही दिले,” पहिल्या बाकावरून.

“राजा सोता गेलता पाहाले? तलाठी नाही धाडला?”

“अन् पंचनामा?”

वर्ग हसतो. मी हसू देते. यांतल्या निम्म्यांच्या घरी सोयाबीन आहे, आणि दोन पेरण्या करायची पाळी म्हणजे काय ते मला पाठात सांगावं लागत नाही. बियाणं निवडण्याचं वाक्य आलं की एक मुलगी सांगते, तिची आजी घरचं सोयाबीन गोणपाटावर टाकून उगवणशक्ती पाहते, शंभर दाणे मोजून. तो भाग मी फळ्यावर लिहून घेते. पाठात नाही, पण असायला हरकत नव्हती.

मग मधल्या रांगेतून ठरलेला प्रश्न येतो.

“मॅडम, हे पेपरात येते का?”

येतं. माध्यमभाषेत उत्तर लिहा, म्हणून येतं. मी ते सांगते आणि सगळे पेन उघडतात. या क्षणाला तोंड वाकडं करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला उलट बरं वाटतं. मघाशी जे हसण्यावारी गेलं ते आता वहीत उतरतंय.

दीड, मधली सुट्टी

आठवीपर्यंतच्यांची खिचडी वाटून होते, मग आमचे डबे. स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांचा आणि माझा जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, संस्कृत हा टक्केवारी फुगवण्याचा विषय. दहावी झाली की एकही पोरगा पुस्तक हातात धरत नाही. दुसरा भाग खरा आहे. अकरावीला सायन्स घेतलं की बहुतेकांचं संस्कृत सुटतं ते कायमचं.

पण पहिल्या भागाबद्दल माझं उत्तर त्यांच्याच विषयातलं आहे. संस्कृतात मार्क पडतात ते कोणी दया करतं म्हणून नाही. रूप बरोबर की चूक, संधी सुटला की नाही सुटला, यात परीक्षकाच्या मर्जीला जागा कमी. गणितासारखंच. आता मराठीचा पेपर पाहा. आमचा पोरगा घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलतो. निबंधात ‘मी त्याले म्हटलं’ लिहिलं की लाल रेघ. म्हणजे मातृभाषेच्या पेपरात त्याची सुरुवातच उणे खात्यातून होते, कारण परीक्षेची मराठी त्याच्या घरातली नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली आहे. हिंदीत शहरातल्या पोराला सिनेमा आणि शेजार मदत करतो. संस्कृत मात्र आज इथल्या कोणाच्याच चुलीपाशी बोलली जात नाही. राऊतवाडीतल्या डॉक्टरांची मुलगी आणि मेऱ्याच्या शेतमजुराचा मुलगा आठवीत ‘देवः देवौ’पासून बरोबरीनं निघतात. कोणाच्या घरी श्लोक म्हणतात, त्याचे उच्चार लवकर साफ होतात हे खरं. पण ऐंशी मार्कांच्या लेखी पेपरात उच्चाराला कोण विचारतो?

सर म्हणाले, “तुमची भाषा मेलेली आहे म्हणून न्याय्य आहे, असं म्हणा की.”

तसंच म्हणते मी.

सव्वादोन, ऑफ तास

श्रावणी पौर्णिमेला संस्कृत दिन असतो. केंद्र सरकारनं १९६९ साली तो सुरू केला. आमच्याकडे त्यासाठी भित्तिपत्रक करतात. दरवर्षी तेच: सुभाषितं, कालिदासाचं चित्र, संस्कृत आणि संगणक. यंदा मी ठरवलंय की मधल्या चौकटीत संस्कृत शाळेत कशी आली आणि वर्गात कोणाला बसू दिलं, ते द्यायचं. शिपाई मामांनी ग्रंथालयाचं कपाट उघडून दिलं आणि मी कच्चं लिहायला बसले.

लिहिताना जाणवलं की आमचा संस्कृतचा तास हा पाठशाळेचा वारस कमी आणि लॅटिनच्या तासाचा धाकटा भाऊ जास्त आहे. पाठशाळा होतीच. पेशवाई बुडाल्यावर मुंबईच्या गव्हर्नर एल्फिन्स्टननं पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढलं. तिथे व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष असं जुन्या वळणानं शिकवत आणि शिकणारे ब्राह्मणच. १८५१ साली ती संस्था इंग्रजी शाळेत मिसळली आणि पुढे तिचं डेक्कन कॉलेज झालं. मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ आलं, आणि ते आलं विलायतेचा नमुना घेऊन. तिकडे शिकलेला माणूस म्हणजे ग्रीक-लॅटिन आलेला माणूस. त्या जागेवर इकडे एक अभिजात भाषा हवी: लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी नाहीतर संस्कृत. त्या पंक्तीत मराठीला पाट मिळाला नाही. १८६०च्या दशकात ती विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून बाहेर पडली आणि तिला परत आत घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या शेवटापर्यंत भांडावं लागलं.

विषय झाला, तर पुस्तक हवं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडली होती. शिक्षण संचालक हॉवर्ड यांच्या आग्रहानं ते संस्कृतकडे वळलेले. त्यांनी १८६४ साली ‘मार्गोपदेशिका’ आणि चार वर्षांनी ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’ ही पुस्तकं केली. आमच्या कपाटात पहिल्याची एक जुनी आवृत्ती आहे, पानं उदबत्तीच्या रंगाची झालेली. उघडून पाहिलं की आजचा वर्ग दिसतो. धडा, थोडं व्याकरण, शब्दांची यादी, संस्कृतातून भाषांतर, संस्कृतात भाषांतर. अमरकोश आधी पाठ करा आणि अर्थ दहा वर्षांनी विचारा, ही रीत मोडून भांडारकरांनी सोप्याकडून अवघडाकडे जायचा पायऱ्यांचा रस्ता बांधला. पायऱ्या विलायती धर्तीच्या, दगड इथला. केनेडीचं लॅटिन व्याकरण त्यानंतर दोनच वर्षांनी आलं, हे मला कपाटासमोर उभं राहूनच लक्षात आलं आणि उगाच अभिमान वाटला.

मार्कांचा नादही तेव्हापासूनचाच. नाना शंकरशेटांच्या नावानं मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ती शिष्यवृत्तीही त्यांनीच घेतली. तो मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला, आणि ‘मेघदूता’चं मराठी भाषांतर करायलाही त्याला सवड झाली. तेव्हापासून मराठी आईबापांच्या मनात संस्कृत आणि पहिला नंबर यांची गाठ पक्की बसली असावी.

आता चौकटीचा दुसरा भाग, ज्यासाठी हा खटाटोप. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकांनी शिकवायला नकार दिला. फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. मी हे तीन वाक्यांत लिहिलं आणि वहीवर हात ठेवून बसले. माझ्या दहावीच्या वर्गातली निम्मी नावं त्या काळात त्या दारातून परत गेली असती. माझंही त्यांत.

इंग्लंडातही दार होतं, फक्त कुलूप वेगळं. लीड्सच्या ग्रामर स्कूलच्या मंडळाला दान म्हणून मिळालेल्या पैशातून फ्रेंच, जर्मन आणि हिशेब शिकवायचा होता. लॉर्ड एल्डन या न्यायाधीशानं १८०५ साली निकाल दिला की दान ग्रीक-लॅटिनसाठी आहे, ते दुसऱ्या विषयांवर उधळता येणार नाही. गावातल्या व्यापाऱ्यांच्या पोरांना हवं ते शिकवायचं तर कायदाच बदलावा लागला, तो १८४० साली. पुढे केंब्रिज आणि ऑक्सफर्डनं पहिल्या महायुद्धानंतर लगेच ग्रीकची सक्ती काढली आणि १९६०च्या सुमारास लॅटिनचीही. प्रवेशाची अट गेल्याबरोबर शाळांतली लॅटिनची पटसंख्या उतरणीला लागली. मास्तर लोक घाबरले आणि त्या घाबरण्यातून १९७० साली केंब्रिजचं नवं पुस्तक निघालं, पाँपेईतल्या एका बँकवाल्याच्या घरची गोष्ट सांगणारं. कोष्टक नंतर, गोष्ट आधी.

गणिताच्या सरांना मी हे सांगणार आहे. अट होती तोवर लॅटिन शिकली गेली. ती भाषा उदात्त होती म्हणून कोणी अट न ठेवता शिकलं, असं फारसं झालं नाही. आमच्याकडे अट नाही, मार्क आहेत. ज्या दिवशी मार्क जातील त्या दिवशी चिखलीत संस्कृतचा वर्ग भरवायला मला कोणतं भाषण उपयोगी पडेल, ते त्यांनीच सांगावं.

साडेतीन, नववी संयुक्त

पन्नास हिंदी, पन्नास संस्कृत, पुस्तक ‘आनन्द’. चित्र पाहून नाव लिहा, संख्या अक्षरांत लिहा, घड्याळात किती वाजले. सपादपञ्चवादनम्, सार्धत्रिवादनम्. पोरं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पाहून सांगतात, म्हणजे घंटा व्हायला किती वेळ आहे तेही संस्कृतात कळतं. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, आपल्याकडे कोणी संस्कृत कवी होता का. मी भवभूतीचं नाव घेते. तो विदर्भातल्या पद्मपुराचा. मग वाशिमचं. ते वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म नावाची राजधानी होतं. जुन्या काव्यशास्त्रात कवितेच्या ज्या शैलीला सगळ्यांत गोड मानलं ती वैदर्भी, आपल्या विदर्भावरून. वर्गाचा विश्वास बसत नाही. बातम्यांत विदर्भ कशासाठी येतो ते त्यांना ठाऊक आहे. एक पोरगा वाशिमला मामाकडे जातो, तो म्हणतो, “तिथं काही नाही मॅडम, गेलतो मी.”

पाच

घंटा झाली, पण यूडायसवर पोरांची माहिती भरायची आहे. आधार नंबर जुळत नाही, नावात काना राहिला आहे, साइट फिरत राहते. पटावर किती पोरं दिसतात त्यावर शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, आणि संचमान्यतेवर कोणाची नोकरी अतिरिक्त ठरणार ते. संस्कृतचा वर्ग रिकामा झाला तर मी फक्त मराठी शिकवणारी उरेन आणि मराठीला आधीच माणसं पुरी आहेत. म्हणजे पोरांना मार्कांची जितकी गरज आहे तितकीच मला पोरांच्या मार्कांची. हे कोणी बोलून दाखवत नाही. मी बोलते.

साडेसहा

घरी येऊन भित्तिपत्रकाची शेवटची चौकट लिहिली. ती कुमुद पावडे यांची. नागपूरच्या दलित घरातली मुलगी. शाळेत गोखले गुरुजींनी तिला मन लावून संस्कृत शिकवलं. तिनं संस्कृतात एम. ए. केलं. पदवी हातात, पण नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, तेव्हा नेमणूक आली. पुढे अमरावतीच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवलं. हे सगळं त्यांनी १९८१च्या ‘अंतःस्फोट’मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि नोकरी आपल्याला मिळाली की सासरच्या आडनावाला, हा प्रश्नही. मला त्यांचा हिशेबीपणा फार आवडतो. शिकवणाऱ्या गुरुजींचं ऋण त्या मानतात, व्यवस्थेला माफ मात्र करत नाहीत.

ही चौकट कालिदासाच्या चित्राच्या वर लावायची की खाली, यावर उद्या बोलणी होणार. मी वर लावणार आहे. अमरावती आमचा विभाग आहे, आमच्या दहावीच्या गुणपत्रिका तिथल्या मंडळातून येतात. कालिदासाची रामटेकला व्यवस्था झालेली आहे, त्याच्या नावाचं विद्यापीठच १९९७ पासून तिथे आहे.

सव्वानऊ

फोन. केळवदकडचे एक पालक. पोरगी नववीत, संयुक्तला आहे, मैत्रिणींनी पूर्ण संस्कृत घेतलं म्हणून तिलाही घ्यायचं आहे.

“मॅडम, नमस्कार. हिंदी सोडली तर पुढं काही अडते का?”

“नाही अडत.”

“मार्क पडतील?”

“अभ्यास केला तर पडतील. रोज अर्धा तास.”

“आमच्या घरी संस्कृतातलं कोणालेच काही येत नाही, म्हणून इचारतो.”

“कोणाच्याच घरी येत नाही, भाऊ. तेच बरं आहे. उद्या अर्ज घेऊन पाठवा तिला, अकराच्या आत. पुस्तक माझ्याकडे जुनं आहे, ते देते.”

“कितीचं आहे पुस्तक?”

“जुनं आहे म्हटलं ना. पैसे नकोत. फक्त आतली पानं भरलेली आहेत, आधीच्या पोरीनं सगळे संधी पेननं सोडवलेत. ते खोडरबरानं जात नाहीत. तिला सांगा, झाकून ठेवून स्वतः सोडवायचे.”